गप्प बसलेल्या एजंटाचं काय करायचं?

उत्साही : काकाजी, माझ्या वहीत नागरा आणि आसपासच्या गावांमधली जी नावं आहेत, त्यातली बरीचशी थंड पडली आहेत. कुणी विम्याची एजन्सी घेतली होती, कुणी पोस्टाच्या आर.डी.चं काम धरलं होतं, कुणी मोबाइलवर वस्तूंच्या लिंक पाठवून कमिशन कमवायचं ठरवलं होतं. फॉर्म भरला, फोटो दिले, प्रशिक्षण झालं, पहिले काही दिवस फोनवर फोन. मग एकदम शांतता. आता मी फोन केला तर ‘करतो ना भाऊ, पुढच्या महिन्यात’ एवढंच ऐकू येतं. माझं म्हणणं असं की ही माणसं आळशी नाहीत. त्यांना पुढे कुणी हात दिला नाही, म्हणून ती थांबली. नवा माणूस शोधून त्याला अ-आ-इ-पासून शिकवण्यापेक्षा, ज्याने एकदा तयारी दाखवली होती त्याच्याकडे परत जाणं जास्त शहाणपणाचं आहे. गाव गोंदियाला लागून आहे, दहावी-बारावी झालेल्या मुली आणि सुना घरात आहेत, शेतीतून हातात पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो. अशा ठिकाणी कमिशनचा छोटासा धागासुद्धा संसाराला टेकू देतो. तो तुटू द्यायचा का?

साशंक : आळशी नाहीत, इथपर्यंत आपलं एकमत आहे. पण ‘हात दिला नाही म्हणून थांबली’ हे तू फार लवकर ठरवलंस, बाबू. आधी हे बघ की एजंट थंड पडला तर कंपनीचं नुकसान किती होतं. पगार द्यावा लागत नाही, बसायला जागा द्यावी लागत नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही. म्हणजे शंभर नेमले आणि नव्वद बसले तरी तिचं बिघडत नाही. उलट ते नव्वद बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपला मेहुणा, आपला साळा, आपली मावशी गिऱ्हाईक म्हणून आणलेली असते. नातेवाईक संपले की एजंट संपतो, हे या धंद्यातलं जुनं गणित आहे. तेव्हा तू ज्याला अपयश म्हणतोस, ते कदाचित या व्यवस्थेचं ठरलेलं फळ आहे. कंपनीने त्याच्याकडून घ्यायचं ते घेऊन झालेलं आहे. आता तू त्याला प्रेरणा द्यायला निघालास. त्याने विचारलं की ‘आता कुणाला विकू?’, तर तुझ्याकडे काय उत्तर आहे? आयुर्विमा महामंडळाकडे १३ लाखांहून अधिक एजंट आहेत, असं खुद्द अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या फौजेत प्रत्येकाची रोजी चालावी म्हणून कुणी भरती केली असेल, यावर माझा विश्वास नाही.

उत्साही : ‘कुणाला विकू’ हा प्रश्न खरा आहे. पण सगळेच त्या प्रश्नाशी येऊन थांबलेले नसतात. गप्प बसलेल्यांना एका रांगेत उभं करणं हीच चूक आहे, आणि ती कंपन्या करतात तशी तुम्हीही करताय. एक माणूस असा असतो की ज्याने सुरुवातच केली नाही. त्याचा पासवर्ड चालत नव्हता, किंवा शेजाऱ्याच्या अंगणात बसून पहिलं वाक्य काय बोलायचं हेच त्याला सुचलं नाही. दुसरा नातेवाइकांपाशी अडकला. तिसऱ्याच्या गिऱ्हाइकाचा दावा कुठेतरी लटकला, आणि तो तोंड लपवतो आहे. चौथीचं तर काहीच बिनसलेलं नाही, तिची फक्त रोवणी सुरू आहे! आपल्याकडे आषाढ-श्रावणात पऱ्हे उपटून बांधीत लावायचे दिवस असतात. त्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते, आणि नेमका तेव्हाच तिच्या मोबाइलवर संदेश येतो : ‘या महिन्यात तुमची विक्री शून्य, उठा, जागे व्हा!’ ती तर पहाटेपासून जागीच आहे. दिवाळीच्या सुमारास धान कापणी, मग चुरणा, म्हणजे मळणी, मग गावोगावच्या मंडईच्या जत्रा. पणन महासंघाच्या केंद्रावर धान गेलं आणि चुकारा बँकेत जमा झाला, की तेव्हा कुठे घरात हप्त्याची गोष्ट काढता येते. मुंबईत ठरलेलं महिन्याचं टार्गेट या पंचांगात बसत नाही. ते बसवून देणं, हप्ता सहामाही किंवा वार्षिक ठेवायला सांगणं, रोवणीच्या दिवसांत माणसाला मोकळं सोडणं, यालाच मी पाठबळ म्हणतो. बक्षिसाची सहल आणि टाळ्यांचं संमेलन म्हणजे पाठबळ नव्हे. त्याने आधीच धावणारे जास्त जोरात धावतात. बसलेला बसलेलाच राहतो.

साशंक : हे तू चांगलं बोललास. रोवणीवाल्या बाईला आणि पासवर्डवाल्या पोराला मदत कर, माझी काहीच हरकत नाही. पण तुझ्या यादीतला तिसरा, तोंड लपवणारा, त्याच्याजवळ जरा थांबू. गावात एजंटाचं भांडवल कोणतं? दुकान नाही, माल नाही. त्याचा शब्द हेच भांडवल. ‘अमक्याचा पोरगा सांगतोय म्हणजे बुडणार नाही’ एवढ्यावर माणूस सही करतो, पानावरचा मजकूर कुणी वाचत नाही. कंपनी छापील कागद देते आणि तो आपली पत लावतो. बुडालं तर कंपनीचं कार्यालय दिल्लीत असतं, आणि हा रोज त्याच चौकातून, त्याच पानठेल्यासमोरून जातो. पर्ल्स म्हणजे पीएसीएलचं प्रकरण आठव. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने त्या कंपनीला ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. गुंतवणूकदार ५ कोटी ८५ लाख. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एवढी माणसं वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आली नव्हती, त्यांच्या दारात ओळखीचा एजंट गेला होता. अशा एजंटाला आज तू दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी उठवायला गेलास आणि तो गप्प राहिला, तर त्याच्या गप्प राहण्यात मला अक्कल दिसते.

उत्साही : पण ती फसवणूक होती, काकाजी. फसवणूक आणि धंदा एकाच तागडीत घालू नका. साखळी करून पैसा फिरवण्यावर १९७८ सालापासून बंदीचा कायदा आहे. थेट विक्रीचे नियम २८ डिसेंबर २०२१ ला आले, त्यातही माणसामागे माणूस जोडून कमाई दाखवणाऱ्या पिरॅमिड योजनांना मनाई आहे. मी म्हणतो ते काम साधं आहे : वस्तू किंवा सेवा खरी, तिचा भाव उघड, आणि ती पोहोचवणाऱ्याला ठरलेलं कमिशन. पोस्टाचंच घ्या. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ मध्ये सुरू झाली. बाई घरोघरी जाते, आर.डी.चा महिन्याचा हप्ता गोळा करते, खातेदाराच्या अस्लास कार्डावर रक्कम लिहून सही करते आणि पैसे पोस्टात भरते. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलेलं असेल तर १५ च्या आत, नंतरचं असेल तर महिनाअखेरच्या आत. कमिशन ४ टक्के. हजाराच्या हप्त्यामागे ४० रुपये, आणि खातं पाच वर्षांचं, म्हणजे साठ महिने. २०११ मध्ये श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशींनंतर इतर अल्पबचत एजंटांचं कमिशन १ टक्क्यावरून अर्धा टक्का झालं, पीपीएफवरचं तर बंदच झालं. पण या बायकांचे ४ टक्के राहिले. सरकारलाही कळलं असणार की दारावर जाणारं माणूस काढलं तर ही बचतच होणार नाही. या कामात एजंट थंड पडत नाही. पंधरा तारीख आली की तिला उठावंच लागतं, त्यासाठी कुणाच्या भाषणाची गरज पडत नाही.

साशंक : माझ्याच बाजूचा दाखला दिलास! आर.डी.वाली बाई का टिकते ते बघ. खातेदाराला तिची गरज आहे. तो कामावर असतो, पोस्टाच्या रांगेत उभं राहायला त्याला वेळ नसतो, आणि घरात ठेवलेले हजार रुपये महिनाअखेरपर्यंत उरत नाहीत. ती ते पैसे वेळेवर नेते, हेच तिचं काम. म्हणजे कमिशन तिच्या पायपिटीचं आहे, गोड बोलण्याचं नाही. आणि वस्तू इतकी साधी की समजावून सांगावी लागत नाही. आता हीच कसोटी तुझ्या लिंकवाल्यांना लाव. घरबसल्या कमाई म्हणून एखाद्या सुनेने आपल्या नणंदा-जावांच्या ग्रुपवर कुकरची लिंक टाकली. नणंदेने उघडून पाहिली, आवडली, पण ‘यांना विचारून सांगते’ म्हणाली. दोन दिवसांनी तिने ॲपवर स्वतःच शोधून तोच कुकर मागवला. सुनेला मिळालं काय? शून्य. नणंदेला वाटतं की वहिनीला आपल्यामुळे पैसे मिळाले, आणि वहिनीला वाटतं की कंपनीने आपल्याला गंडवलं. दोघींच्या मनात उगाच अढी. तिची ही लिंक काढून घेतली तर गिऱ्हाइकाचं काय अडतं? काहीच नाही. जिच्या असण्या-नसण्याने कुणाचं अडत नाही, तिला ‘सक्रिय हो’ म्हणून सांगणं म्हणजे तिच्या नात्यागोत्यात जाहिरातीचा फलक रोवणं.

उत्साही : कंपनीने गंडवलं नाही, तिला नियम कुणी सांगितला नाही. ॲमेझॉनच्या योजनेत लिंक उघडल्यापासून साधारण २४ तासांत वस्तू पिशवीत टाकली तरच ती विक्री तुमच्या नावावर चढते. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर ती नणंदेला म्हणाली असती, ‘ताई, घ्यायचं ठरलं की मला सांगा, मी तेव्हा लिंक पाठवते.’ एवढ्याशा गोष्टीमुळे माणसं निराश होऊन बसतात. म्हणून मी म्हणतो की उत्तेजन नंतर द्या, आधी हिशेब दाखवा. किती जणांनी उघडली, किती जणांनी घेतली, पैसे केव्हा जमा होणार, हे तिला तिच्या भाषेत कळलं पाहिजे. आणि लिंकवाल्याची गरज नसते, हेही मला मान्य नाही. कुणी धानाच्या फवारणीचा पंप स्वतः हंगामभर वापरला, त्याची नळी कुठे गळते, बॅटरी किती बांध्या पुरते, हे व्हिडिओत दाखवलं आणि खाली लिंक दिली, तर त्याने गिऱ्हाइकाचं काम केलंच ना? तिथे कमिशन डोळ्यांचं आणि अनुभवाचं आहे. मात्र लिंकवर कमिशन मिळतं हे त्याने उघड सांगितलं पाहिजे. बसलेल्या माणसाला ‘रोज दहा लिंक टाक’ म्हणण्यापेक्षा ‘तुला ज्यातलं कळतं अशी एक वस्तू निवड’ म्हणणं, हा पाठबळाचा खरा अर्थ.

साशंक : मग ॲमेझॉनचाच दुसरा नियमही सांग. १८० दिवसांत ३ विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद. मला तो नियम कठोर वाटत नाही, प्रामाणिक वाटतो. जमलं नाही, विषय संपला, नमस्कार. विमा महामंडळातही एजंटाला वर्षाकाठी किमान १२ जणांचा विमा आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्यांपोटी १ लाख रुपये आणावे लागतात, नाहीतर एजन्सी जाते. त्यापेक्षा वाईट काय, तर नाव यादीत ठेवायचं, दर सोमवारी सुविचार पाठवायचे, दर तीन महिन्यांनी लाजवायचं, आणि माणसाला कायम वाटत ठेवायचं की आपण कशात तरी कमी पडलो. सोडून देण्याचाही एक सभ्यपणा असतो.

उत्साही : सभ्यपणे सोडण्याला माझी ना नाही. पण सोडताना त्याचं काय हिरावलं जातं तेही बघा. एजन्सी गेली की पूर्वी केलेल्या पॉलिसींचं पुढचं कमिशनही जाऊ शकायचं. पुन्हा नेमणूक घेतली तरी जुन्या कामावर हक्क नसायचा. म्हणजे आजारपणात, बाळंतपणात, बापाच्या दुखण्यात दोन वर्षं गेली की आधीच्या कामाची कमाई पाण्यात. मग परत यायला कोण धजेल? सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने हे बदलायला मंजुरी दिली. पुनर्नियुक्त एजंटाला जुन्या पॉलिसींवरचं नूतनीकरणाचं कमिशन मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याच वेळी ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर गेली, आणि एजंटांचं स्वतःचं मुदत विमा संरक्षण, जे आधी ३ हजार ते १० हजार होतं, ते २५ हजार ते दीड लाख झालं. विचार करा, दुसऱ्यांना विमा विकणाऱ्या माणसाचा स्वतःचा विमा १० हजारांचा! थंड पडलेल्याला उठवायचं तर त्याच्या आधीच्या कष्टांना धक्का लागणार नाही याची खात्री द्यायला हवी. दार उघडं ठेवणं हे ढकलण्यापेक्षा वेगळं आहे.

साशंक : हा मुद्दा मी घेतो. कमावलेलं सुरक्षित ठेवणं हे उत्तेजनाच्या वरचं आहे, आणि ते देण्यात कुणाच्या नात्याला धक्का बसत नाही. पण आता दुसरीकडे बघ. ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतमध्ये पंतप्रधानांनी आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना सुरू केली. वय १८ ते ७०, शिक्षण दहावी. पहिल्या वर्षी महिन्याला ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार मानधन. एजंट थंड पडू नये म्हणून कंपनीने स्वतःच्या खिशात हात घातल्याचं एवढं मोठं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. तीन वर्षांत २ लाख १६ हजार होतात. पण अट बघ : वर्षाला २४ पॉलिसी आणि पहिल्या वर्षाचं कमिशन ४८ हजार. म्हणजे पॉलिसीमागे सरासरी २ हजार कमिशन. पहिल्या हप्त्याच्या अगदी २५ टक्के धरलं, तरी सरासरी हप्ता ८ हजार झाला. २४ घरांतून वर्षाला १ लाख ९२ हजार. दुसऱ्या वर्षी आणखी २४ घरं, तिसऱ्या वर्षी आणखी २४. एकरा-दोन एकरांच्या धानावर जगणाऱ्या गावात अशी ७२ घरं एका बाईने शोधायची, आणि तिच्या शेजारच्या गल्लीत दुसरी सखी असेल तर तिनेही. चौथ्या वर्षी मानधन बंद. तेव्हा ती तुझ्या वहीत थंड म्हणून येणार नाही का?

उत्साही : काही जणी येतील. पण तुमच्या हिशेबात एक बाजू सुटली. दुसऱ्या वर्षाचं मानधन हवं असेल तर पहिल्या वर्षाच्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू असाव्या लागतात, आणि तिसऱ्या वर्षासाठीही तसंच. म्हणजे गळ्यात मारून पळता येत नाही, हप्ता चालू राहील अशाच माणसाला विकावं लागतं. अशी अट नसते तिथेच नातेवाइकांचा धंदा फोफावतो. शिवाय ती बाई एकट्या नागऱ्यात फिरणार नाही. गोंदिया पाच-सहा किलोमीटरवर, तिथे राईस मिल आहेत, दुकानं आहेत, नोकरदार आहेत. तिला गरज आहे ती गल्लीबाहेर पडायची सवय लावण्याची. पहिल्या चार घरी मी तिच्यासोबत जाईन, बोलायचं तिनेच, मी फक्त कागद धरीन. पहिलं कमिशन तिच्याच खात्यात जमा होऊन पासबुकावर उमटलेलं तिने पाहिलं, की त्यापुढे माझं भाषण फिकं. घरात ‘तुझं काय उत्पन्न?’ असं विचारणाऱ्याला दाखवायला तिच्याकडे एक ओळ तरी असते. मानधन तीन वर्षांनी संपेल, पण गोंदियाच्या अनोळखी दुकानदारासमोर बसून बोलण्याची तिची भीड मोडली, ती काही परत येत नाही.

साशंक : भीड मोडते हे खरं. आणि ६५ टक्क्यांची अट चांगली, हेही खरं. पण गावात ती कशी पाळली जाते याची मला काळजी वाटते. शेजारणीचा हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडायला आली, सखीचं मानधन त्यावर अडलेलं. काय करेल ती? स्वतःच्या पदरचे भरेल. ‘पहिला हप्ता तूच भर, तुला कमिशन मिळतंच ना’ म्हणणारे तर घरटी भेटतात. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने कमिशनातली अशी सूट देणं गुन्हा आहे, पण नात्यात कायदा कोण काढतो? म्हणजे वहीत ती सक्रिय आणि घरात कर्जबाजारी. याच्या उलट दुसरी बाई बघ. तिच्याकडे एक शेतकरी आला, मुलीच्या लग्नासाठी मोठी पॉलिसी मागतो. तिला ठाऊक आहे की त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, दुसरा हप्ता तो भरू शकणार नाही. ती म्हणाली, ‘भाऊ, आत्ता नको. पोस्टात महिन्याला पाचशे टाका.’ तिने त्या दिवशी योग्य काम केलं. तुझ्या वहीत तिच्या नावापुढे काय लिहिशील? शून्य. विक्री मोजणाऱ्या वहीत चांगला सल्ला आणि झोप काढणं यांची नोंद सारखीच होते. मग तू तिला प्रेरणेचा संदेश पाठवणार, आणि तो वाचून ती शिकेल की पुढच्या वेळी ‘नको’ म्हणायचं नाही.

उत्साही : म्हणजे वही बदलावी लागेल, वही फाडून चालणार नाही. विक्रीसोबत दुसऱ्या गोष्टी मोजा. किती पॉलिसी तिसऱ्या वर्षी चालू आहेत, किती जणांच्या वारसाचं नाव दुरुस्त करून दिलं, कुणाचा मृत्युदावा तिने कागदपत्रं जमवून मार्गी लावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये महामंडळाने पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून पुढच्या वर्षांचं वाढवलं, त्याची दिशा हीच आहे : विकण्यापेक्षा टिकवण्याला जास्त मोल. आणि काकाजी, तुम्ही गप्प बसलेल्याचा फार कैवार घेता, म्हणून एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवतो. एजंट गप्प बसला की त्याची गिऱ्हाइकं पोरकी होतात. या धंद्यात त्यांना अनाथ पॉलिसीच म्हणतात. नवरा गेला, कपाटात विम्याचा कागद सापडला, ज्याने पॉलिसी काढून दिली तो आता नागपूरला कंपनीत कामाला आहे. बाईला कोणत्या शाखेत जायचं तेही माहीत नसतं. त्या माणसाने आपला शब्द दिला होता, हे तुमचंच म्हणणं. मग शब्द देऊन गप्प बसण्याचा हक्क त्याला आहे का? मी त्याच्याकडे जातो तेव्हा नवं काही विकायला लावण्यासाठी जातो असं तुम्ही गृहीत धरता. मी असंही म्हणू शकतो की नवं विकू नको, पण जुन्यांकडे एक चक्कर मार.

साशंक : इथे तू मला अडवलंस. विकणं थांबवायचा हक्क त्याला आहे, निस्तरणं थांबवायचा नाही, हे मान्य करतो. मग आपल्या वादाची हद्द बदलली. आता प्रश्न असा की तू खरोखर तसं म्हणशील का? ‘नवं विकू नको, जुन्यांना भेट’ असं सांगून आल्यावर तुझ्या पदरात काय पडतं? एजंटावर देखरेख करणाऱ्या विकास अधिकाऱ्याची बढती आणि प्रोत्साहन भत्ता त्याच्या एजंटांनी आणलेल्या धंद्यावर असतो. तुझंही काहीसं तसंच असणार. ज्याचं पोट माझ्या विक्रीवर आहे, तो मला ‘काय अडचण आहे?’ असं विचारतो, तेव्हा मी खरं सांगेन का? मी सांगेन की रोवणी आहे, तब्येत बरी नाही, पुढच्या महिन्यात बघू. ‘माझा तुमच्या योजनेवर विश्वास उडाला’ हे मी तुझ्या तोंडावर बोलणार नाही. तू घरी जाऊन वहीत ‘हंगामी अडचण’ लिहिशील आणि भाताची कापणी झाली की परत येशील. तुझ्या चार प्रकारच्या याद्या अशाच तयार होतात.

उत्साही : पण ज्याचा काहीच स्वार्थ नाही असा माणूस विचारायला येणारच नाही, काकाजी. बिनस्वार्थी माणसाची वाट पाहिली तर पासवर्ड न चालणारं पोरगं तसंच बसून राहील, आणि अनाथ पॉलिसी तशीच कपाटात पडेल. माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. मीही विक्रीवरच जगतो. प्रश्न एवढाच की तो स्वार्थ सांभाळूनही विचारणं जमेल अशी काही रीत आहे का. मला वाटतं, आहे. थांबण्याचं कारण विचारताना टार्गेटचा कागद सोबत न्यायचा नाही. विचारायला गावातलीच दुसरी एजंट बाई पाठवायची, जिला या उत्तरातून काही मिळणार नाही. तिला त्या दिवसाची मजुरी द्यायची. आणि जे उत्तर येईल ते मान्य करायचं.

साशंक : ‘मान्य करायचं’ यावर माझी अट आहे. कुणी ‘नको’ म्हटलं, तर ते कायमचं ‘नको’ म्हणून लिही. त्याच्या जुन्या कमिशनाला हात लावू नको, त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांची सोय दुसऱ्याकडे लावून दे, त्याचा नंबर संदेशांच्या यादीतून काढ. आणि तुझ्या वरच्या साहेबाने विचारलं की नागऱ्यातून यंदा इतके कमी का, तर सांग की एवढ्यांनी विचारपूर्वक नकार दिला आणि मी तो घेतला. जमेल?

उत्साही : कमिशन, गिऱ्हाइकांची सोय, यादीतून नाव, या तिन्ही गोष्टी जमतील, उद्यापासून जमतील. चौथीचं वचन मी आज देऊ शकत नाही. कारण साहेबाच्या वहीत नकाराचा रकाना नाही, आणि तो उघडायचा अधिकार माझ्या हातात नाही. मी तो रकाना मागू शकतो. तो मिळेपर्यंत माझ्या माणसांना मी विचारायला जावं की जाऊ नये, हे तुम्ही सांगा.

साशंक : जा. पण रकाना मिळेपर्यंत त्या भेटीला पाठबळ म्हणू नको. तोवर ती वसुलीच आहे, फक्त आवाज मऊ आहे.

उत्साही : आणि मी गेलोच नाही, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? माणसांचा मान राखणं, की त्यांना वाऱ्यावर सोडणं?